चेंडू सोडून कोचकडे बघताना: सांगली ते बालेवाडी, तीन दिवस

टेनिसची मोठी स्पर्धा बघायला जायचं म्हटलं की सांगली-साताऱ्याकडची मंडळी फायनलचा दिवस धरतात. सकाळी निघायचं, दुपारी एक सामना बघायचा, बक्षीस समारंभाचे लांबून फोटो काढायचे आणि रात्री घरी. खेळ शिकणाऱ्या मुलांच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नाही. फायनलच्या दिवशी सरावाची कोर्ट ओस पडलेली असतात आणि बहुतेक खेळाडू आपापल्या कोचसकट पुढच्या गावाला गेलेले असतात. म्हणून आम्ही स्पर्धेचं दुसरं टोक धरलं. सांगलीत खेळणारी नऊ मुलं, चार पालक आणि दोन प्रशिक्षक असे पंधरा जण बालेवाडीच्या चॅलेंजर (व्यावसायिक टेनिसच्या मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालच्या) स्पर्धेला गेलो ते पहिले तीन दिवस: पात्रता फेरीचे रविवार-सोमवार आणि मुख्य फेरीचा मंगळवार.

म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. 2018 ते 2023 या काळात, 2021 चा अपवाद सोडला तर, इथे एटीपी या व्यावसायिक पुरुष टेनिसच्या संघटनेची '250' दर्जाची स्पर्धा झाली. जिल सिमाँ, केविन अँडरसन हे इथले विजेते. 2024 पासून फेब्रुवारीत चॅलेंजर स्पर्धा सुरू झाली. दर्जा एक पायरी खाली, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने हीच जास्त उपयोगाची. चॅलेंजरला येणारे बरेचसे खेळाडू जागतिक क्रमवारीत साधारण शंभर ते तीनशेच्या मध्ये असतात. फटके पहिल्या पन्नासातल्यांसारखेच असतात, आणि ते आपल्यापासून पाच-सात मीटरवर मारले जातात. 2024 मध्ये इथे जिंकलेला मोनॅकोचा वॅलेंटिन वाशरो ऑक्टोबर 2025 मध्ये क्रमवारीत 204 वा असताना शांघाय मास्टर्स ही बरीच वरच्या दर्जाची स्पर्धा जिंकला. त्याचा कोच बेंजामिन बॅलेरे हा त्याचा सावत्र भाऊ. मुलांना हे गाडीतच सांगून ठेवलं होतं, म्हणजे पात्रता फेरीतल्या खेळाडूकडेही ती नीट बघतील.

रविवार

पहाटे चारला सांगली सोडली. पेठ नाका, कराड, सातारा इथपर्यंत रस्ता मोकळा होता. खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे, वेळे गावापाशी, एक कंटेनर आडवा झाला होता आणि तिथे सव्वा तास गेला. डब्यातले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच संपली. बालेवाडीला पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. पहिले सामने सुरू झालेले आणि त्याआधीचा सराव कधीच आटोपलेला.

सकाळी साडेआठ ते पावणेदहा हा पात्रता फेरीतला सगळ्यात मोलाचा वेळ. एकेका कोर्टवर चार-चार खेळाडू अर्धा तास हात मोकळे करतात आणि सगळे कोच एकदम बघायला मिळतात. तो पहिल्या दिवशी हातचा गेला. सांगलीहून जाणाऱ्यांनी शनिवारी रात्रीच मुक्कामाला पोहोचावं. साताऱ्याहून अंतर निम्मं आहे, तरी पाचच्या आत निघावं. रस्त्याची एक सोय मोठी आहे: संकुल महामार्गालगतच आहे. कात्रजचा नवा बोगदा, नवले पूल, वारजे, चांदणी चौक असं आलं की पुणे शहरात शिरावंच लागत नाही. बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. आमचे ड्रायव्हर मामा तिथे गिअर खाली घेऊन, ब्रेकवर भार न टाकता गाडी उतरवत होते. तसंच करावं, त्या उतारावर अपघात फार होतात.

पात्रता फेरीत 24 खेळाडू असतात, दोन फेऱ्या होतात आणि 6 जण मुख्य फेरीत जातात. मुख्य फेरी 32 जणांची. म्हणजे रविवारी हरणाऱ्याचा आठवडा तिथेच संपतो. विमानाचं तिकीट, हॉटेल, कोचचा पगार, सगळं एका सामन्यावर. स्टँडमध्ये माणसं मोजकीच, त्यामुळे बूट घासल्याचा, श्वासाचा, कोचच्या पुटपुटण्याचाही आवाज ऐकू येतो. टीव्हीवर चेंडूचा वेग कळत नाही. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या टोकाच्या रेषेच्या, मागच्या जाळीपाशी उभं राहिलं की कळतो. त्याहून जास्त कळते ती उंची. हे खेळाडू रॅलीत चेंडू नेटवरून बराच वर, मीटरभर उंचीने काढतात. आपल्याकडची मुलं नेट घासून मारायला जातात आणि निम्मे चेंडू नेटमध्ये घालतात. नेट मध्यभागी 91.4 सेंटिमीटर आणि खांबांपाशी 107 सेंटिमीटर असतं. बाजूच्या रेषेला समांतर मारताना 10-15 सेंटिमीटर जास्त उंच नेट पार करावं लागतं, क्रॉसकोर्टला, म्हणजे तिरपं मारताना, अंतरही जास्त मिळतं. म्हणून अडचणीत सापडलेला खेळाडू क्रॉसकोर्ट मारतो. एका सामन्यात हे दहा-बारा वेळा दिसलं की फळ्यावर समजावायची गरज राहत नाही.

हवेचा खेळही रविवारीच दिसला. सकाळी गारठा होता, पालक शाली गुंडाळून बसले होते, आणि एकच्या सुमारास तेच लोक सावली शोधत होते. फेब्रुवारीत पुण्यात पहाट आणि दुपार यांत पंधरा-अठरा अंशांचा फरक सहज पडतो. गार चेंडूतला दाब कमी होतो, रबर कडक होतं, चेंडू कमी उसळतो. दुपारी तोच चेंडू उडायला लागतो. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर असल्यामुळे हवा किनाऱ्यापेक्षा सहाएक टक्के विरळ आहे आणि चेंडूला अडथळा कमी होतो. बाहेरून आलेल्या खेळाडूंचे फोरहँड पहिल्या दिवशी बेसलाइनच्या हातभर बाहेर पडताना दिसले ते यामुळे. सांगलीची उंची जवळपास तेवढीच, साताऱ्याची त्याहून थोडी जास्त. आपली मुलं या उडत्या चेंडूवरच वाढलेली असतात. मुंबईला स्पर्धेला गेली की त्यांचेच फटके आखूड पडतात आणि मुलगा घाबरून खेळतोय असं पालकांना वाटतं. घाबरलेला नसतो, हवा जड असते. मुंबईला एक दिवस आधी जावं आणि चेंडू नेटवरून आणखी थोडा वर काढावा.

दुपारी मिरजेचे एक निवृत्त क्रीडाशिक्षक भेटले. पूर्वी बऱ्याच स्पर्धांना पंच म्हणून गेलेले. मुलांना त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं, "पोरांनो, दोन गेम चेंडूकडे बघायचंच नाही. एकाच खेळाडूच्या पायाकडे बघा." पहिल्या गेमला मुलांची मान आपोआप चेंडूमागे फिरत होती. दुसऱ्या गेमला थांबली. खेळाडू फटका मारल्यावर उभा राहून बघत नाही, त्याच क्षणी परतीचं पाऊल टाकतो, हे त्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात आलं. पंचगिरीच्या व्हाइट, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या बॅजच्या पायऱ्याही त्यांनीच समजावल्या. एका मुलीने ते सगळं वहीत उतरवून घेतलं.

मुक्काम वाकडला. रात्री पिठलं-भाकरी.

सोमवार

आठला आम्ही सरावाच्या कोर्टपाशी होतो. या सहलीत काय मिळालं असं कुणी विचारलं तर सोमवारची सकाळ हेच उत्तर.

तासाभराच्या सरावाचा क्रम जवळजवळ सगळ्यांचा सारखा. पहिली पाच मिनिटं सर्व्हिस बॉक्समध्ये (नेटलगतच्या चौकटीत) हळू खेळ, मग बेसलाइनवरून मध्यातून मध्यात, मग दोन्ही बाजूंचे क्रॉसकोर्ट, थोड्या व्हॉली (टप्पा पडण्याआधीचे फटके), चार-सहा स्मॅश, मग दहा-पंधरा मिनिटं सर्व्ह आणि रिटर्न, शेवटी काही गुण. सर्व्हिस बॉक्समधला हळू खेळ आपल्याकडे मुलांना लहान मुलांचं काम वाटतं, टाळतात. इथे क्रमवारीत दीडशेच्या आसपासचा खेळाडू तो पूर्ण गुडघे वाकवून, प्रत्येक चेंडूला पाय लावून खेळत होता. चेंडूचा वेग निम्मा, पायांचा पूर्ण.

सरावाच्या वेळचं बोलणं खेळाडू आणि कोच यांच्यातलं असतं, म्हणून इथे नावं देत नाही.

एका डावखुऱ्या खेळाडूचा कोच पन्नाशीचा, डोक्याला टोपी, हातात रॅकेट नाही. खेळाडूपासून दोन-अडीच मीटरवर, बाजूला, चेंडूंची टोपली घेऊन उभा. हाताने चेंडू टाकत होता. सहा चेंडूंचा एक संच: एक डावीकडे लांब, एक उजवीकडे, एक अंगावर, पुन्हा लांब. संच झाला की वीसेक सेकंद विश्रांती. असे दहा संच. चार संच होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही आणि एकदाही चेंडू कुठे पडला ते त्याने बघितलं नाही. त्याची नजर खेळाडूच्या घोट्यांवर. चौथ्या संचानंतर एवढंच म्हणाला, "लेट."

कशाला लेट, हे कळायला आम्हाला पुढचे दोन संच लागले. चेंडू कोचच्या हातातून सुटतो त्या क्षणी खेळाडूचे दोन्ही पाय छोट्या उडीनंतर जमिनीला टेकलेले हवेत. ही स्प्लिट स्टेप. उडी चार बोटांची, उंच नाही. त्या खेळाडूचे पाय चेंडू सुटल्यानंतर टेकत होते, डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढ्याच उशिराने. पण पुढची साखळी बघा. पाय उशिरा टेकले म्हणून पहिलं पाऊल उशिरा. त्यामुळे चेंडू शरीराच्या पुढे सापडण्याऐवजी कमरेच्या रेषेत सापडला. तिथून मारायला खांदा पूर्ण फिरत नाही, मग मनगटाने निभावून न्यायचं. मनगटाने मारलेला चेंडू सर्व्हिस लाइनच्या (सर्व्हिस बॉक्सच्या मागच्या रेषेच्या) आसपास आखूड पडतो, आणि आखूड चेंडूवर समोरचा आत येतो. आपल्याकडे आपण या साखळीचं शेवटचं टोक पकडतो. मुलाला ओरडतो, "मनगट घट्ट ठेव!" मुलगा मनगट आवळतो, खांदाही आवळला जातो, फटका आणखी बिघडतो. त्या कोचने मनगटाचं नावसुद्धा काढलं नाही. त्याने खेळाडूला अर्धं पाऊल मागे उभं केलं, स्वतः चेंडू टाकण्याआधी तोंडाने हलकासा "हप" असा आवाज काढायला लागला आणि आठव्या संचापर्यंत पाय वेळेवर टेकायला लागले.

म्हणून पुढच्या वेळी जाणाऱ्यांना एकच गोष्ट सांगायची आहे: कोच कुठे बघतो ते बघा. बहुतेक वेळा तो चेंडूकडे बघत नसतो. तीन दिवसांत वेगवेगळे कोच बघितले. कुणी पाय बघत होता, कुणी सर्व्हच्या वेळी मोकळा हात, कुणी रिटर्नला खेळाडूचं डोकं किती वर उचललं जातं ते. नजर कळली की त्या खेळाडूचं त्या आठवड्यातलं काम काय चाललंय ते कळतं.

शेजारच्या कोर्टवर सर्व्हचा टॉस चालला होता. खेळाडू चेंडू वर टाकायचा, रॅकेट उगारायचा, पण मारायचा नाही. चेंडू खाली पडू द्यायचा. पहिल्या सर्व्हला चेंडू पुढच्या पावलाच्या समोर, बेसलाइनच्या आत वीतभर ते फूटभर पडायला हवा. कोचने त्या जागी चेंडूच्या डब्याचं झाकण ठेवलं होतं. दहापैकी आठ झाकणाच्या आसपास पडले की मग खरे सर्व्ह. याला जागा लागत नाही, जोडीदार लागत नाही, अंगणातही करता येतं. टॉस उजवीकडे भरकटतो तेव्हा कारण बहुधा बोटांत असतं. चेंडू तळव्यात खोल धरलेला असतो आणि सुटताना बोटांवरून घरंगळतो. चेंडू बोटांच्या पेरांवर धरावा, हात कोपरातून न वाकवता खांद्यातून वर न्यावा आणि डोळ्यांच्या उंचीवर सोडावा.

साडेदहाच्या सुमारास गटिंग करणाऱ्या, म्हणजे रॅकेटला तारा बसवणाऱ्या, दादांच्या मशिनपाशी अर्धा तास मिळाला. काम करतानाच ते बोलत होते. एका रॅकेटला साधारण 12 मीटर तार लागते आणि नीट काम करायला पंचवीस मिनिटं. जुनी तार कापतानाही पद्धत आहे: मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, उभी-आडवी आलटून पालटून. एका बाजूची सगळी आधी कापली तर ताण एकाच अंगाला राहतो आणि फ्रेम वाकते. नवी घालताना उभ्या तारा मध्यातून दोन्हीकडे समतोल नेत जायच्या, आडव्या रॅकेटच्या डोक्याकडून मुठीकडे. समोर तीन रॅकेट होत्या, एकाच खेळाडूच्या, मुठीवर तीन वेगळ्या चिठ्ठ्या: 22, 22.5 आणि 23 किलो. सकाळच्या गारठ्यात सैल तार, म्हणजे चेंडू खोल जाईल. दुपारी हवा तापली, चेंडू उडायला लागला की कडक तार, म्हणजे ताबा राहील. अर्ध्या किलोचा फरक त्या खेळाडूला हातात कळतो.

आमच्यातल्या एका पालकाने मुलाची रॅकेट पुढे केली. दादांनी तारा बोटाने बाजूला सरकवून बघितल्या. त्या सरकल्या त्या तशाच राहिल्या, जागेवर आल्या नाहीत. "तुटली नाही म्हणून चांगली आहे असं नसतं," ते म्हणाले, "ही तार मेलेली आहे." पॉलिएस्टरची तार तुटण्याच्या बऱ्याच आधी ताण सोडते. मग मुलगा लांबी मिळवायला जास्त जोर लावतो आणि कोपर दुखायला लागतं. बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या रॅकेटला पूर्ण पॉलिएस्टर घालू नये, मऊ सिंथेटिक गट 21-22 किलोवर पुरे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. आठवड्यातून जितके दिवस खेळतो तितक्या वेळा वर्षातून गटिंग बदलायचं, हे किमान. आमच्या नऊ मुलांपैकी पाच जणांच्या रॅकेटला पॉलिएस्टर होती आणि त्यातल्या तिघांची गेल्या दिवाळीपासून बदललेली नव्हती.

सरावाच्या कोर्टपाशी वागण्याचे काही संकेत आहेत, ते आधीच मुलांना सांगावेत. खेळाडूच्या नजरेच्या रेषेत, बेसलाइनच्या बरोबर मागे, फिरायचं नाही. चेंडू बाहेर आला तर तो उचलून रॅली थांबल्यावरच आत द्यायचा. बोलायचं ते सराव संपल्यावर, खेळाडू बॅग भरत असताना, आणि एकच प्रश्न. विचारून घेतल्याशिवाय व्हिडिओ काढायचा नाही. आमच्या मुलांनी टोपीवाल्या कोचला सराव संपल्यावर एक प्रश्न विचारला: घरी एकट्याने करायचं असेल तर काय करू? तो म्हणाला, दोरी. दिवसातून दहा मिनिटं दोरीच्या उड्या, आणि त्यातही दर दहा उड्यांनंतर एक पाऊल बाजूला.

एका पालकांनी त्याला तासगावचा बेदाणा दिला. त्याने मूठभर घेतला, लगेच तोंडात टाकला, आवडलाही. पण खेळाडूने हात पुढे केला तेव्हा त्याने मान हलवली. अनोळखी माणसाकडून खेळाडू काही खात नाहीत. डोपिंगच्या नियमात अंगात काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच, कुठून आलं हे माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. मुलांना या गोष्टीचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. मदत करायची इच्छा असेल तरी खेळाडूंना खाऊ देऊ नये. कोचला मात्र देता येतो.

मंगळवार

मुख्य फेरी सुरू झाली की माणसं वाढतात, पण जागा निवडायला मिळते. सामन्यांचा क्रम आदल्या संध्याकाळी जाहीर होतो, तो बघूनच सकाळचं ठरवावं. टेनिसची कोर्ट बहुधा उत्तर-दक्षिण आखलेली असतात. फेब्रुवारीत दुपारी सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, त्यामुळे उत्तरेच्या टोकाहून सर्व्ह करणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन येतं. त्या टोकाला टॉस थोडा खाली आणि बाजूला होतो, पहिली सर्व्ह जपून होते आणि समोरचा एक पाऊल पुढे सरकतो. प्रेक्षकांनी दुपारी पश्चिमेच्या बाजूला बसावं, ऊन पाठीला राहतं आणि चारनंतर सावली येते. टोपी हवीच. पाणी माणशी दोन लिटर. सांगलीचं भडंग पिशवीतून नेलं होतं, पण खाताना प्लॅस्टिकचा आवाज होतो. ते सूती पिशवीत किंवा डब्यात भरावं, आणि बाहेरचे पदार्थ आत नेऊ देतात का हे आधी विचारून घ्यावं.

एका सामन्यात आम्ही खेळाडूच्या कोचच्या बॉक्सला लागूनच बसलो. पूर्वी सामना चालू असताना कोचने काही सांगणं म्हणजे दंड होता. 2022 च्या जुलैपासून एटीपीने स्टँडमधून कोचिंगला परवानगी देऊन बघितली आणि 2025 पासून ते खेळाच्या नियमांतच आलं. हातवारे करता येतात. बोलायचं तर खेळाडू त्याच टोकाला असताना, आणि दोन-चार शब्दांत. म्हणून खेळाडू आपल्या टोकाला आला की त्या बॉक्सकडे कान द्यावेत. आम्ही ऐकलेले शब्द एवढेच: "हाइट", "बॉडी", "लेग्ज", "वेट". "बॉडी" म्हणजे सर्व्ह अंगावर मार. समोरचा खेळाडू लांब हातांचा होता, बाहेरच्या सर्व्हला सहज पोहोचत होता, अंगावरच्या सर्व्हला त्याचे हात अडकत होते. त्यानंतरच्या सर्व्हिस गेममध्ये दोन महत्त्वाच्या गुणांना सर्व्ह अंगावरच गेली आणि दोन्ही रिटर्न नेटमध्ये. कोचने तंत्राचा एकही शब्द काढला नाही. तंत्र सोमवारी सकाळी, सामन्यात फक्त कुठे आणि किती वर. आपल्याकडच्या स्पर्धांत पालक जाळीबाहेरून "खांदा फिरव, पाय हलव, बघून मार" असं तिन्ही एकदम सांगत असतात. ते या सहलीनंतर बंद व्हावं असं मनापासून वाटतं.

मुलांना एक कागद दिला होता. त्यावर तीन रकाने: गुण किती फटक्यांत संपला, रिटर्न सर्व्हिस लाइनच्या पुढे पडला का, सर्व्ह करणाऱ्याचा दुसरा फटका फोरहँड होता का. एका सेटची नोंद केली की लक्षात येतं, अर्ध्याहून जास्त गुण पहिल्या चार फटक्यांतच संपतात. सर्व्ह, रिटर्न, आणि प्रत्येकाचा त्यानंतरचा एक फटका. आपल्या सरावात मात्र सर्व्ह आणि रिटर्न शेवटच्या दहा मिनिटांत, अंधार पडता पडता होतात.

चेंडू कधी बदलतात हेही बघण्यासारखं. पहिल्यांदा सात गेमनंतर, मग दर नऊ गेमनंतर. सामन्याआधी हात मोकळे करण्यात तेच चेंडू वापरलेले असतात, म्हणून पहिल्यांदा दोन गेम कमी. नवे चेंडू गुळगुळीत, वेगाने जातात. त्या गेमला सर्व्ह करणारा चेंडू उंचावून समोरच्याला दाखवतो. जुन्या चेंडूंवरची लव फुगते, हवा जास्त अडते, वेग कमी होतो. सर्व्हआधी खेळाडू तीन-चार चेंडू मागतो आणि एक परत करतो तो यासाठीच. लव बसलेला चेंडू पहिल्या सर्व्हला, फुगलेला दुसऱ्या सर्व्हला. फुगलेल्याला फिरकी चांगली बसते.

तिसऱ्या सेटमध्ये एका खेळाडूच्या पोटरीत गोळा आला. दुखापतीला तीन मिनिटांचा वैद्यकीय वेळ मिळतो, पण नुसत्या गोळ्याला तो मिळत नाही, उपचार फक्त बाजू बदलतानाच्या 90 सेकंदांत. त्यामुळे त्याला पुढचे दोन गेम तसंच उभं राहून खेळावं लागलं. त्याने काय केलं ते मुलांनी बघितलं: सर्व्हची गती कमी केली, पहिल्या दोन फटक्यांत गुण संपवायला गेला, आणि दोन गुणांमधले 25 सेकंद शेवटपर्यंत वापरले. हरला, पण त्या दोन गेममधला एक त्याने जिंकला होता. संध्याकाळी दुहेरीचा एक सामना बघितला. ड्यूसला (40-40 ला) लगेच निर्णायक गुण आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, त्यामुळे झटपट संपतो. लहान मुलं कंटाळली असतील तर दुहेरी बघायला न्यावं. प्रत्येक गुणाआधी नेटजवळचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी जोडीदाराला खूण करतो, ती मागच्या स्टँडमधून स्पष्ट दिसते. ती खूण ओळखायच्या नादात मुलांनी पूर्ण सामना बघितला.

परत

बुधवारी सकाळी निघालो. खंबाटकीचा घाट चढून साताऱ्याला थांबलो, कंदी पेढे घेतले, जेवण केलं आणि दुपारी सांगलीत.

गुरुवारी सकाळी साडेसहाला मातीच्या कोर्टवर सराव होता. पहिली पाच मिनिटं सर्व्हिस बॉक्समध्ये हळू खेळ, कुणी कुरकूर केली नाही. मग हाताने चेंडू टाकायचा सराव, सहाचा संच. इथे एक फरक लगेच जाणवला. हार्डकोर्टवर उडीनंतर बूट जागेवर पकड घेतो, मातीवर तो वीतभर सरकतो. त्यामुळे मातीवर उडी किंचित आधी आणि पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकून टेकायला लागतात, नाहीतर पहिलं पाऊल घसरण्यातच जातं. पहिल्या दिवशी तिघांना ते जमलं. उरलेल्या सहा जणांसाठी बेसलाइनच्या मागे पाणी थोडं जास्त मारलं, रोलर दोनदा फिरवला आणि पुन्हा सहाचा संच सुरू केला.